पाणथळ जमिनी वाचवायला कोल्हापूरनं कर्जरोखे काढावेत का?

परताळ्याकाठी (धागाकर्ता)

आमच्या घरामागं एक सखल पट्टी आहे, तीन-साडेतीन एकरांची. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी, दिवाळीपर्यंत चिखल, आणि नंतर शिमग्यापर्यंत हिरवंगार लव्हाळं. लहानपणी आम्ही तिथं खेकडी धरायला जायचो. आता पन्नाशी ओलांडली, तरी सकाळी गच्चीत चहाचा कप घेऊन उभा राहिलो आणि हळदी-कुंकू बदकांची जोडी उतरली की पाय हलत नाही. चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं किती जवळून बघितलं असेल!

गेल्या महिन्यापासून तिथं रात्री मुरमाचे डंपर यायला लागलेत. मी कागद काढले. विकास आराखड्यात त्या जागेवर बागेचं आरक्षण होतं. आरक्षणाला दहा वर्षं उलटून गेल्यावर मालकानं खरेदी नोटीस (जमीन विकत घ्या, नाहीतर सोडा, अशी) दिली, संपादनाला पैसे नव्हते, मुदत संपली, आरक्षण उठलं. कुणी कुणाला फसवलेलं नाही. सगळं नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणं झालेलं आहे. मालकाला तर मी अजिबात दोष देणार नाही. वीस-पंचवीस वर्षं जमीन अडकवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हे त्याच्यावर अन्यायाचंच होतं.

पण ती जमीन काय काम करत होती ते सांगतो. एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे १२ लाख ३३ हजार लिटर. आमच्या मागची पट्टी पाच फूट भरून घेतली, तर एकरी साठ लाख लिटरच्या वर पाणी तिथं उभं राहायचं ते दुसरीकडं जाणार. दहा हजार लिटरचे सहाशेहून जास्त टँकर, आणि हे फक्त एका एकराचं. २०१९ च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दिवसांत आपण सगळे एकमेकांना फोनवर एकच विचारत होतो, "किती फूट झालं?" एवढं पाणी आलं कुठून हे आपण विचारतो, त्याची थांबायची जागा कुणी बुजवली हे विचारत नाही.

आपल्या गावाला हे नवीन नाही. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, आणि जोराचा पाऊस झाला की आजही त्या मैदानात तळं साचतं. कपिलतीर्थावर मंडई बसली. पाणी आपली जागा विसरलेलं नाही.

म्हणून विचार मांडतोय: महापालिकेनं लोकांकडून कर्जरोखे काढून पैसे उभारावेत, आणि त्यातून फक्त सखल, पाणथळ जागा आणि मोकळ्या आरक्षणाच्या जमिनी मालकाला रास्त भाव देऊन कायमच्या विकत घ्याव्यात. रस्ता नाही, इमारत नाही, सुशोभीकरण नाही. नुसती जमीन, जशी आहे तशी. जाणकारांनी सांगावं, हे होऊ शकतं का?

---

हिशोबनीस

होऊ शकतं, आणि आपल्या देशात याला आधार आहे. बंगळूरनं १९९७ मध्ये पहिले महापालिका रोखे काढले, ते राज्याच्या हमीवर. १९९८ मध्ये अहमदाबादनं हमीशिवाय १०० कोटी उभे केले. सेबीची महापालिका रोख्यांची नियमावली २०१५ ची. त्यानंतर पुण्यानं २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उचलले. गाझियाबादनं २०२१ मध्ये सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी १५० कोटींचे हरित रोखे काढले. इंदूरनं २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे रोखे थेट सामान्य गुंतवणूकदारांना विकले.

पण या यादीकडं नीट बघा. पाणी योजनेतून पाणीपट्टी येते. शुद्ध केलेलं सांडपाणी उद्योगांना विकता येतं. सौर प्रकल्पानं विजेचं बिल वाचतं. लव्हाळ्याच्या पट्टीतून काय येणार? काहीच नाही. त्यामुळं परतफेड सगळी मालमत्ता करातून करावी लागेल, आणि गुंतवणूकदार पहिला प्रश्न हाच विचारेल.

आता साधं गणित. ५० कोटींचे रोखे, दहा वर्षं, व्याज ८ टक्के धरू. पहिल्या वर्षी व्याज ४ कोटी. मुद्दल दरवर्षी ५ कोटी बाजूला काढायचं. म्हणजे ९ कोटी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. माणशी साधारण १६४ रुपये वर्षाला, पाच माणसांच्या घराला ८२० च्या आसपास, आणि पुढं व्याज घटत जाईल तसं कमी. पुरात एका घराची नुसती गादी आणि फ्रिज गेला तरी याच्या कितीतरी पट जातात. मी हिशोबाचा माणूस आहे, भावनेवर सह्या करत नाही, पण हा आकडा मला परवडणारा वाटतो.

---

वडणग्याचा गडी

हिशोबनीस साहेब, तुमचं गणित बरोबर हाय, पण जमिनीचा भाव कुठं धरलाय? गुंठ्याला दहा लाख धरा. शहरालगत घरबांधणीच्या जाग्याला तेवढं मागत्यातच. ५० कोटीत ५०० गुंठं, म्हंजे साडेबारा एकर. त्यात २०१३ चा संपादन कायदा म्हणतोय शहरात बाजारभावाच्या दुप्पट द्या, खेड्यात चौपटीपातूर जातंय. मग राहिलं सव्वासहा एकर. सव्वासहा एकरानं पंचगंगा थांबतीय व्हय?

दुसरं. आमची जमीन नदीकाठाला हाय. २०१९ ला आठ दिवस ऊस पाण्याखाली होता, शेंड्यात पाणी शिरून पाक कुजला. तरी आम्ही विकणार न्हाई. बा-आज्यानं कसलेली जमीन हाय, पूर गेल्यावर जो गाळ बसतोय त्यानं पुढच्या साली पीक बी तसंच येतंय. आम्हाला जमिनीचं पैसं नकोत. शेजारच्यानं भर टाकून बंगला बांधला, तर त्याचं पाणी माझ्या रानात येतंय, तेवढं थांबवा.

---

परताळ्याकाठी

दादा, तुमचा मुद्दा मनाला लागला. सव्वासहा एकरांचं गणित मी केलंच नव्हतं.

---

अनिवासी करवीरकर

मूळचा मंगळवार पेठेतला, सव्वीस वर्षं अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. वडणग्याच्या दादांनी जे सांगितलं त्यावर इथं एक वाट काढलेली आहे, ती लिहितो.

या राज्यात १९६१ मध्ये 'ग्रीन एकर्स' नावानं ६ कोटी डॉलरचे रोखे काढले, मोकळ्या जमिनी विकत घ्यायला. सरकारनं परस्पर नाही काढले. निवडणुकीच्या मतपत्रिकेवर प्रश्न छापून येतो: अमुक रकमेचं कर्ज काढून जमिनी राखायच्या का, होय की नाही? लोकांनी होय म्हटलं. त्यानंतर पुन्हा पुन्हा म्हटलं. २००९ मध्ये मंदी असतानाही ४० कोटी डॉलरला होकार दिला. मग २०१४ मध्ये लोकांनी मतदान करूनच पद्धत बदलली. दरवेळी कर्ज काढून व्याज भरण्यापेक्षा कंपन्यांवरच्या कराचा एक हिस्सा कायमचा या कामाला बांधून टाकला. कर्जानं सुरुवात झाली, सवय लागल्यावर उत्पन्नातून चालू राहिलं. मला तो क्रम फार शहाणपणाचा वाटतो.

आता शेतीचं. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीनं १९७४ मध्ये शेतकऱ्यांची जमीन न घेता फक्त जमिनीवरचा बांधकामाचा हक्क विकत घ्यायची योजना आणली. जमीन शेतकऱ्याचीच, सातबाऱ्यावर नाव त्याचंच म्हणा ना, पीक त्याचं, मुलाला द्यायची मुभा. फक्त तिथं इमारत कधीच होणार नाही, हे दस्तात कायमचं लिहिलेलं. शेतीचा भाव आणि बांधकामाचा भाव यात जो फरक असेल तेवढे पैसे शेतकऱ्याला मिळतात. पूर्ण जमीन घेण्यापेक्षा स्वस्त, आणि रान रानच राहतं.

आणि तिसरी गोष्ट 'ब्लू एकर्स'ची, १९९५ च्या रोख्यांतून सुरू झालेली. वारंवार पुरात जाणारी घरं, ज्यांना विकायची आहेत त्यांच्याकडूनच, विकत घ्यायची, पाडायची आणि ती जागा कायमची मोकळी ठेवायची. २०१२ च्या सँडी वादळानंतर हे काम खूप वाढलं. अशी एक गल्ली मी पाहिलीय. दोन्ही बाजूंना नुसतं गवत, आणि मध्येच कुणाच्या तरी अंगणातलं सफरचंदाचं झाड तसंच उभं. मला त्या वेळी सुतारवाड्याची आठवण आली होती. पाणी वाढायला लागलं की तिथल्या माणसांना दरवर्षी बोचकं बांधून शाळेत जाऊन राहावं लागतं.

---

प्रयागची लेक

ब्लू एकर्सचं वाचून माहेर आठवलं. चिखलीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट दिले. पण जुनं गाव सुटलं नाही, कारण रान खाली, गोठा खाली, नदीचा संगम खाली. माझी आई म्हणायची, "म्हशी सोनतळीला नेल्या तर वैरण डोक्यावरनं किती वर न्यायची?" पाणी वाढलं की लोक सोनतळीला जातात, ओसरलं की परत येतात, चिखल काढतात, भिंतीला चुना लावतात. २०१९ ला आमच्या दारातल्या तुळशी वृंदावनाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. आईचं लग्नातलं तांब्याचं घंगाळ भिंतीला अडकून राहिलं म्हणून सापडलं, बाकी सगळी भांडी गेली.

म्हणून सांगते, नुसते पैसे देऊन किंवा प्लॉट देऊन माणूस हलत नाही. म्हशीचं, वैरणीचं, रानात जायच्या वाटेचं आधी बघा.

---

कलम कसाई नव्हे कलम वाचणारा

वकिली करतो, त्यामुळं कायद्याची बाजू.

पहिली गोष्ट, बऱ्याच जणांना वाटतं की पाणथळ जागांचा कायदा आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे. २०१७ चे पाणथळ जागा नियम बघा. त्यातल्या व्याख्येतून नदीचं पात्र वगळलंय, भातशेती वगळलीय, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलावही वगळलेत. कळंबा तलाव शहराला पाणी पाजण्यासाठीच बांधला गेला, तिथलं पाणी पाण्याच्या खजिन्यात यायचं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. म्हणजे ज्याच्या काठावर इतके पक्षी उतरतात तो तलाव या नियमांच्या व्याख्येबाहेर पडू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २ लाखांहून अधिक पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं, ते मोलाचं आहे. पण धागाकर्त्याच्या घरामागची साडेतीन एकरांची पट्टी म्हणजे दीड हेक्टरसुद्धा नाही. छोट्या जागांना कायदा पोचत नाही. त्यांना मालकीच वाचवू शकते. म्हणून हा धागा मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट, कलम १२७. खरेदी नोटीस दिल्यापासून २४ महिने मिळतात. तेवढ्यात संपादन झालं नाही किंवा त्या दिशेनं पाऊल पडलं नाही, की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. माझ्या एका अशिलाच्या प्रकरणात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि २४ महिने संपल्यावर शेरा पडला, "निधी उपलब्ध नाही." पैसा हाताशी असता तर मालकाला भाव मिळाला असता आणि गल्लीला मैदान. दोघंही हरले.

तिसरी, निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीचा भाव. निळी आणि लाल या नकाशावरच्या पूररेषा; निळी नदीच्या जवळची, लाल तिच्या बाहेरची, मोठ्या पुराची. निळीच्या आत मुळात नव्या बांधकामाला परवानगी नाही. मग तिला बांधकामाचा भाव का द्यायचा? तिथं शेतीचाच भाव लागू व्हायला हवा, आणि वडणग्याच्या दादांचं सव्वासहा एकरांचं गणित तिथं बरंच बदलतं. खरी लढाई निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्याची आहे. तिथं जोतं उंच करून बांधायची मुभा आहे. जोतं उंच म्हणजे भर, भर म्हणजे पाणी शेजाऱ्याकडं. रोख्यांचा पैसा घालायचा तर या मधल्या पट्ट्यात घाला.

विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर, हा बिनपैशाचा मार्ग आहेच: जमिनीच्या बदल्यात मालकाला दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क द्यायचा. पण टीडीआरला गिऱ्हाईक मिळालं तरच मालकाला पैसे मिळतात, म्हणून छोटा मालक त्याला घाबरतो.

---

बावड्याचा पैलवान

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी टोलच्या आंदोलनात होतो. शहरातले रस्ते खासगी पैशातून करतो म्हणाले, आणि मग आमच्याच गावात, आमच्याच दारात टोलची केबिन बसवली. २०१५ च्या शेवटाला टोल रद्दची घोषणा होईपर्यंत आम्ही किती मोर्चे काढले याची मोजदाद नाही. बायाबापड्या, म्हातारी माणसं, तालमीची पोरं, सगळी रस्त्यावर होती. आता कुणी पालिकेच्या नावानं कर्ज म्हटलं, की माझ्या पोटात गोळा येतो. २०२० नंतर बरीच वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. कर्ज घेणारा बदली होऊन जाणार, फेडणारे आपण.

नदीवर माझा जीव आहे, पहाटे पोहायला मी पंचगंगेतच शिकलो. तरीही लोकांना विचारल्याशिवाय एक रुपयाचं कर्ज नको.

---

हिशोबनीस

पैलवान, तुमची भीती खरी आहे, म्हणून दोन्ही गोष्टींतला फरक सांगतो. टोलमध्ये पैसा एका कंत्राटदाराचा होता, वसुलीचा हक्क त्याचा होता, आणि वसुली किती झाली हे आपल्याला कळत नव्हतं. रोख्यांत पैसा अनेक लोकांचा असतो. परतफेडीसाठी कराचा ठरावीक हिस्सा आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात जातो. हरित रोखे असतील तर पैसा कुठं खर्च झाला हे जाहीर करावंच लागतं. पतमानांकन करून घ्यावं लागतं, त्यासाठी पालिकेचे हिशोब आधी सरळ करावे लागतात. माझ्या मते कोल्हापूरला याचाच सगळ्यात मोठा फायदा होईल. आणि अमृत योजनेत केंद्राकडून १०० कोटींच्या रोख्यांमागं १३ कोटी प्रोत्साहन ठेवलं होतं. पुण्याला २०० कोटींवर २६ कोटी मिळाले. हद्दीतल्या जमिनीसाठी असं काही मिळवता आलं तर व्याजाचा भार बराच हलका होईल.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. जमिनींची यादी सर्व्हे नंबरासकट आधी जाहीर झाल्याशिवाय रोखे काढू नयेत. पैसा आधी आणि यादी नंतर, असं झालं तर व्याज चालू राहील आणि जमिनीचे भाव चढत जातील.

---

कलम कसाई नव्हे कलम वाचणारा

लोकांना विचारण्याबद्दल. न्यू जर्सीसारखं कर्जाच्या प्रश्नावर मतदान घ्यायची तरतूद आपल्या महापालिका कायद्यात नाही. पण एका प्रश्नावर मत द्यायचं आपल्याला अगदीच अनोळखी नाही. दारू दुकानासाठी बायकांनी उभी बाटली, आडवी बाटली यावर मतदान केलेलं आपण महाराष्ट्रात पाहिलंय. खेड्यांत ग्रामसभा आहे. ठरावाला कायद्याचं बळ नसलं तरी प्रभागवार सभा घेऊन होय-नाही मोजता येईल, आणि त्याकडं डोळेझाक करणं कुठल्याही नगरसेवकाला सोपं जाणार नाही.

एक मोठी अडचण राहतेच. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द साधारण ६७ चौरस किलोमीटरच आहे. पुराचं पाणी जिथं पसरतं तो चिखली, आंबेवाडी, वडणगे, शियेचा पट्टा महापालिकेचा नाही. तिथं २०१७ पासून ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आहे. शहरानं कर भरून वडणग्याच्या शेतकऱ्याला पैसे द्यायचे, हे शहरातल्या माणसाला पटवावं लागेल. मला ते न्याय्य वाटतं. त्याच्या रानात थांबलेलं पाणी शहरातल्या शाहूपुरीत येत नाही.

---

वडणग्याचा गडी

वकील साहेबांनी शेवटची ओळ लिहिली ती मी बायकोला वाचून दाखवली. आजवर कुणी असं म्हटलं न्हवतं.

बांधकामाचा हक्क तेवढा घ्यायचा आणि जमीन आमचीच, असं असेल तर मी माझं चौदा गुंठं द्यायला तयार हाय. भावाला बी विचारलंय. त्यो म्हणतोय पैसं एकदम नकोत, वर्षाला थोडं थोडं आलं तर बरं, न्हाईतर लग्नात उडून जात्यात.

आणि रोख्याचं म्हणाल तर आमच्याकडं हे नवीन न्हाई. कारखान्यानं ऊसबिलातनं परतीची ठेव कापली, बिनपरतीची कापली. त्यावर कारखाना चालला, आमची पोरं शिकली. ठेव कापताना लोक बोंब मारत होतीच. पण कारखान्याचं धुराडं डोळ्यासमोर दिसत होतं. इथं बी दाखवायला काय तरी पाहिजे. पहिल्यांदा एकच तुकडा घ्या, चार बाजूला दगड रोवा, आणि पुढच्या पावसात लोकास्नी दाखवा की पाणी हितं थांबलं.

---

प्रयागची लेक

दगड रोवायचा तर त्यावर पातळीच्या खुणा करा, फुटांत. २०१९ ची वेगळी, २०२१ ची वेगळी.

---

बावड्याचा पैलवान

यादी आधी, सभा आधी, आणि एका तुकड्यापासून सुरुवात. एवढं असेल तर मी विरोध करणार नाही. आमच्या तालमीच्या मंडळात विषय काढतो. रोखे हजार-हजारांचे असतील तर मंडळाच्या शिलकीतून दहा मी पहिले घ्यायला लावीन.

---

परताळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. या धाग्यानं माझं मत बदललंय. मी मोकळ्या आरक्षणाच्या जमिनी सरसकट विकत घ्या म्हणत होतो. आता वाटतंय, शहरात ज्यांची खरेदी नोटीस येऊन २४ महिने अजून संपले नाहीत तेवढ्याच जमिनी घ्याव्यात, आणि नदीकाठी जमीन न घेता बांधकामाचा हक्क घ्यावा.

आज माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीनच प्रश्न विचारलेत: बाग, मैदान आणि मोकळी जागा अशा आरक्षणांवर आत्ता किती खरेदी नोटिसा प्रलंबित आहेत, प्रत्येकीची मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि सर्व्हे नंबर काय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की याच धाग्यात तारखांच्या क्रमानं टाकतो. ज्याची मुदत सगळ्यात आधी संपतेय तो आपला पहिला तुकडा. पैलवान, त्या जागेवर आपण दोघं जाऊन येऊ.

आमच्या मागच्या पट्टीचं मात्र उशीर झाला. आज सकाळी जोडी आली होती. मुरमाच्या ढिगावरून दोनदा घिरट्या घातल्या आणि रंकाळ्याच्या दिशेनं निघून गेली.